मुळे वास्तव नाहीत

पवित्र त्रैक्याचा रविवार जवळ आला की आम्हां धर्मगुरूंची उपमांसाठी शोधाशोध सुरू होते. त्रिदलाची उपमा परंपरेने संत पॅट्रिकच्या नावे केव्हाच जमा करून ठेवली आहे. पाणी, बर्फ आणि वाफ ही उपमा सोपी खरी, पण तिच्या आडोशाला तिसऱ्या शतकातील सॅबेलियसचे पाखंड दबा धरून बसलेले असते, अशी ताकीद ईशज्ञानाच्या पहिल्याच वर्षी आम्हांला मिळालेली असते. मग उरते काय? २०२३ साली हा रविवार ४ जूनला आला. दहावीचा निकाल दोनच दिवसांपूर्वी लागला होता, पाऊस अजून लांब होता, पंख्याखाली बसूनही लोक घामाने चिंब झाले होते. आणि पुढच्या बाकांवरील उत्तीर्ण मुलामुलींकडे पाहताना, आदल्या रात्री मला सुचलेली गणिताची उपमा फारच समयोचित वाटली.

मी म्हणालो, "गणितज्ञ वजा एकाचे वर्गमूळ मानतात. अशी संख्या अस्तित्वातच नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. तिचे नावच मुळी काल्पनिक संख्या. तरीही ते तिच्यावर विश्वास ठेवतात आणि त्यांची उत्तरे बरोबर येतात. बुद्धिवादी गणितज्ञ जर इतका विश्वास ठेवू शकतो, तर आपण परमेश्वराच्या त्रैक्यापुढे का अडखळावे?" माना डोलल्या. प्रवचन साधल्याचे समाधान घेऊन मी वेदीकडे वळलो.

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या ओसरीत एक वृद्ध गृहस्थ माझी वाट पाहत थांबले होते. सत्तरी ओलांडलेले, वीज खात्यातून निवृत्त झालेले, कधी फारसे न बोलणारे. ते शांतपणे म्हणाले, "फादर, त्या वजा एकाच्या मुळाबरोबर मी चौतीस वर्षे काम केले. त्याच्यावर विश्वास ठेवण्याची पाळी माझ्यावर एकदाही आली नाही."

मी हसलो. "काका, उपमा ही शेवटी उपमाच असते," असे काहीसे बोलून, ऑफिसात माणसे खोळंबली आहेत ही सबब पुढे करून मी आत सटकलो. माणसे खरोखरच खोळंबली होती. परंतु सटकलो ते त्यामुळे नव्हे.

वस्तुस्थिती अशी की काल्पनिक संख्यांविषयी मला फक्त त्यांचे नाव ठाऊक होते. शाळेत आम्हांला वर्गसमीकरणे होती. विवेचक काढायचा, तो धन आला तर दोन मुळे, शून्य आला तर एकच मूळ दोनदा, आणि ऋण आला तर 'मुळे वास्तव नाहीत' असे लिहून खाली रेघ मारायची. त्या तीन शब्दांना पूर्ण गुण मिळत. परीक्षेच्या वेळी अशी उदाहरणे म्हणजे आम्हांला पर्वणी वाटे, कारण पुढे काही करावेच लागत नसे. पुढे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'एन्स रेआले' आणि 'एन्स रात्सिओनिस' असा भेद शिकलो: एक वस्तुतः असलेले सत्, दुसरे केवळ बुद्धीने मानलेले. 'काल्पनिक' हे विशेषण ऐकताच मी त्या संख्यांना दुसऱ्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला होता. तीस वर्षांनी तो उघडला तो थेट प्रवचनपीठावर.

डिसेंबर उजाडला. आगमनकाळ नुकताच सुरू झाला होता. एका संध्याकाळी धर्मग्रामातील एक मुलगी वही घेऊन ऑफिसात आली. जूनमध्ये पुढच्या बाकावर बसलेल्यांपैकीच ती एक. मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी दहावी झालेली आणि आता अकरावीच्या इंग्रजी वर्गात चाचपडत असलेली. इंजिनिअरिंगचा विचार सोडून द्यावा असे घरात बोलणे सुरू झाले होते, कारण गणित आपल्या डोक्यासाठी नाहीच असे तिने स्वतःच जाहीर करून टाकले होते. वहीत एक समीकरण सोडवलेले होते:

क्ष² − ४क्ष + ५ = ०

विवेचक वजा चार. सूत्रात किंमती घालून तिने मुळे काढली होती: २ + √−१ आणि २ − √−१. शेजारी शिक्षकांची बरोबरची खूण होती.

"मग अडले कुठे?" मी विचारले.

"फादर, उत्तर बरोबर आहे. पण मी शोधून काय काढले?" ती म्हणाली. मी गप्प राहिलेला पाहून तिने पुढे विचारले, "तुम्हीच म्हणाला होतात ना, ही संख्या नसतेच म्हणून? दहावीत 'मुळे नाहीत' लिहिले तर मार्क मिळायचे. आता 'आहेत' लिहिले तर मिळतात. मग गणितातसुद्धा नुसता विश्वासच ठेवायचा असतो का?"

आयुष्यात पुष्कळ कबुलीजबाब ऐकले, पण समोरच्या माणसाच्या तोंडून माझेच पाप मला ऐकू येण्याचा प्रसंग तसा विरळाच. जूनमध्ये मी त्रैक्य सोपे करायला गेलो होतो आणि त्या भरात एका सोप्या गोष्टीला रहस्य करून बसलो होतो. मुलीने ते मुकाट्याने उचलले, कारण ते फादर बोलले होते. "मला येत नाही," मी तिला म्हटले, "पण येते त्यांच्याकडे आपण शनिवारी जाऊ."

शनिवारी दुपारी आम्ही दोघे त्या काकांच्या वाडीत गेलो. जूनमधल्या त्या भेटीचा त्यांनी उच्चारही केला नाही. त्यांनी मुलीला आलेखाचा कागद दिला आणि तिच्या समीकरणाच्या वर आणखी दोन समीकरणे लिहिली. पहिले क्ष² − ४क्ष + ३ = ०. दुसरे क्ष² − ४क्ष + ४ = ०. तिसरे तिचे. "आता तिन्ही काढ," ते म्हणाले.

तिने तीन अन्वस्त काढले. आकार तिन्हींचा हुबेहूब एकच, परडीसारखा. फक्त प्रत्येक वक्र आधीच्यापेक्षा एक घर वर उचललेला. पहिला आडव्या अक्षाला १ आणि ३ या दोन ठिकाणी छेदत होता. दुसरा २ या ठिकाणी अक्षाला जेमतेम टेकला होता. तिसरा अक्षाच्या वर अधांतरी.

"पहिल्याची मुळे १ आणि ३," काका म्हणाले. "परडी वर उचलत गेलीस की ही दोन मुळे रस्त्याने एकमेकांकडे चालत येतात. दुसऱ्या समीकरणात २ या खांबाशी दोघे भेटतात. आता सांग, परडी अजून उचलली तर ती जातील कुठे?"

"नाहीशी होतील," मुलगी म्हणाली. माझ्याही ओठांवर तेच उत्तर होते.

"रस्त्यावरून नाहीशी होतील. पण ज्याला फक्त रस्ताच ठाऊक आहे त्याने ती मेली असे म्हणू नये." त्यांनी २ या बिंदूतून अक्षाला काटकोनात एक उभी रेघ ओढली, तिच्यावर एक घर वर एक टिंब आणि एक घर खाली एक टिंब दिले. "इथे आहेत. दोघे भेटले आणि रस्ता सोडून काटकोनात वळले. एक या बाजूला, एक त्या बाजूला. पाचाच्या जागी आठ लिही, दोन-दोन घरे लांब जातील. तेरा लिही, तीन-तीन."

मुलीने तेरा घालून सूत्राने पडताळा घेतला. विवेचक वजा छत्तीस. मुळे २ + ३√−१ आणि २ − ३√−१. सूत्राने जे आले तेच उभ्या रेघेवर होते. तिच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मी पाहिले. माझ्या चेहऱ्यावर काय उमटले ते सुदैवाने तिने पाहिले नाही.

परंतु एक शंका मला सोडवेना. मी म्हटले, "काका, कागदावर वर-खाली टिंब कोणीही देईल. त्या टिंबालाच वजा एकाचे मूळ का म्हणायचे?"

यावर त्यांनी आम्हां दोघांना अंगणात उभे केले. गुडघे दुखत असल्याने स्वतः खाटेवरच बसून राहिले. "फादर, शाळेत कवायत केली असेल. समजा पुढे पाऊल म्हणजे अधिक, मागे पाऊल म्हणजे उणे. तर मग उण्याने गुणणे म्हणजे काय? पीछे मूड! धनाचे ऋण झाले. पुन्हा पीछे मूड केले की पुन्हा धन. उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे तिला पाठ आहेच. आता मला अशी आज्ञा सांगा, जी लागोपाठ दोनदा दिली की पीछे मूड होईल."

मुलगी क्षणभर उभी राहिली आणि स्वतःच स्वतःला हुकूम देत डावीकडे वळली. बाएँ मूड. पुन्हा बाएँ मूड. तिची पाठ आमच्याकडे झाली.

"हेच ते," काका म्हणाले. "दोनदा केले की वजा एक होते, म्हणून हे वजा एकाचे वर्गमूळ. पुढेही नाही आणि मागेही नाही, बाजूला. पुढे-मागे एवढ्याच दिशा मानणाऱ्याला ते कुठे सापडेल?"

"आणि दोनदा दाहिने मूड केले तर?" मुलीने विचारले.

"तरी पीछे मूडच. म्हणून तर मुळे जोडीने येतात. तुझ्या समीकरणात सगळे आकडे रस्त्यावरचेच आहेत, त्याला डावे-उजवे कळत नाही. त्यामुळे एकीकडे एक मूळ दिले की दुसरीकडेही तसेच द्यावे लागते."

वजा एकाच्या मुळाच्या व्याख्येत मला जूनमध्ये श्रद्धेची जागा दिसली होती. तिथे जागा होती ती फक्त एका काटकोनाची.

त्या नाताळात मला भेटीदाखल केक पुष्कळ मिळाले, पण माझ्या टेबलावर पुस्तके होती ती गणिताच्या इतिहासाची. आपल्यासारख्यांनी या संख्यांना इतके का घाबरावे, याचा मला शोध घ्यायचा होता. आणि वाचता वाचता कळले की घाबरण्यात मी मोठ्या माणसांच्या पंगतीला होतो. बाराव्या शतकातील आपले भास्कराचार्य, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केल्याचे तिथला शिलालेख सांगतो, त्यांनी 'बीजगणित' ग्रंथात स्पष्ट निर्णय दिला आहे की ऋण संख्या ही वर्गच नव्हे, सबब तिला मूळ नाही. त्याच ग्रंथात वानरांच्या कळपाचे एक मोठे रम्य उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरते त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते, तर एकूण किती? गणिताने दोन उत्तरे येतात: पन्नास आणि पाच. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की वजा दोन, आणि त्याचा वर्ग चार. गणित जुळते. तरीही आचार्य दुसरे उत्तर नाकारतात, कारण सुट्या ऋण राशीवर लोकांचा भरवसा बसत नाही. उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत?

मला यात आचार्यांचा कमीपणा वाटत नाही. लोकांचा भरवसा हा विचारात घ्यावाच लागतो. आम्हां धर्मगुरूंना तर रोज. परंतु आज माझ्या धर्मग्रामातील कोणतीही भाजी विकणारी बाई पतपेढीचे खाते उणे झाले तर त्या उण्याच्या वास्तवतेविषयी शंका घेणार नाही. ऋण संख्येला वास्तव म्हणून मान्यता मिळाली ती तिच्यात काही बदल झाला म्हणून नव्हे. तिला टेकायला जागा मिळाली म्हणून.

काल्पनिक संख्यांची गोष्ट तिथून फार निराळी नाही, पण तिला एक वळण आहे, आणि ते मला अजिबात ठाऊक नव्हते. माझी समजूत अशी होती की वर्गसमीकरणांनीच गणितज्ञांना या संख्यांकडे ढकलले. तसे ते नाही. वर्गसमीकरणात 'उत्तर नाही' असे म्हणून मोकळे होता येत होते. १५४५ साली कार्दानोने आपल्या 'आर्स माग्ना' या ग्रंथात दहाचे असे दोन भाग मागितले की त्यांचा गुणाकार चाळीस व्हावा. वीस हात तारेच्या कुंपणात चाळीस चौरस हातांचा आयताकृती वाफा मागण्यासारखेच हे. फार तर पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस चौरस हात मिळतील. त्याहून जास्त नाही. कार्दानोने ५ + √−१५ आणि ५ − √−१५ ही उत्तरे लिहिली, गुणाकार चाळीस येतो हे दाखवले, आणि हे सारे बारीक कलाकुसरीचे खरे पण उपयोगाचे काही नाही, अशा अर्थाचा शेरा मारून तो पुढे गेला.

त्याला थांबावे लागले ते घन समीकरणापाशी. क्ष³ = १५क्ष + ४ हे समीकरण घ्या. याचे उत्तर ४ आहे हे शाळकरी मूलही ताडून पाहील: चाराचा घन चौसष्ट, आणि साठ अधिक चार चौसष्ट. उत्तर धडधडीत वास्तव. परंतु घन समीकरण सोडवण्याचे जे सूत्र तेव्हा नव्यानेच हाती आले होते, ते लावले की मध्येच वजा १२१ चे वर्गमूळ उभे राहते. इथे 'उत्तर नाही' म्हणायची सोय नव्हती, कारण उत्तर समोर दिसत होते.

हा पेच सोडवला राफाएल बोंबेल्लीने. हा बोलोन्याचा, पेशाने इंजिनियर. तोस्कानातील वाल दी कियाना येथील दलदल निचरा करून जमीन लागवडीला आणण्याचे काम तो करत होता. त्याचा आश्रयदाता होता अलेस्सांद्रो रुफीनी हा चर्चमधील अधिकारी, जो पुढे मेल्फीचा बिशप झाला. दलदलीचे काम मध्यंतरी बंद पडले तेव्हा बोंबेल्ली बीजगणित लिहायला बसला; ते छापून निघाले १५७२ साली, आणि त्याच वर्षी तो वारला. बांधबंदिस्ती आणि खाजणे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली त्या आपल्या वसईकरांना या माणसाविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही. आरंभी त्यालाही हा सारा प्रकार शब्दच्छल वाटत होता. पण त्याने या अशक्य राशींची बेरीज-गुणाकाराची रीत नेटाने लिहून काढली आणि दाखवून दिले की २ + √−१ याचा घन केला तर २ + √−१२१ येते. मग सूत्राचे दोन तुकडे झाले २ + √−१ आणि २ − √−१. बेरीज करा. डावे-उजवे एकमेकांत विरून जाते आणि हाती राहते ४.

मी हा गुणाकार रात्री जेवणानंतर स्वतः कागदावर केला. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा अकरा आले तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. आणि वाहीतील ती दोन मुळे पुन्हा आठवली. २ + √−१ आणि २ − √−१: हीच तर त्या मुलीने काढून आणली होती.

पुढे १६३७ साली देकार्तने या मुळांना 'काल्पनिक' हे नाव चिकटवले. ला फ्लेशच्या येशूसंघीय विद्यालयात शिकलेला एवढा काटेकोर तत्त्वज्ञ, पण हे नामकरण काही त्याच्या हातून बरे झाले नाही. गाऊसने १८३१ साली तक्रार केली ती हीच, की नावे वाईट पडली म्हणून विषयाला अकारण गूढ चढले; बाजूचे एकक म्हटले असते तर अंधार झालाच नसता. काटकोनाचे चित्र तोवर अनेकांना स्वतंत्रपणे सुचले होते. त्यातला पहिला, वेसेल, हा जमिनीची मोजणी करणारा नॉर्वेजियन. त्याने १७९७ साली आपला निबंध डेन्मार्कच्या अकादमीपुढे ठेवला आणि नंतर शंभर वर्षे तो कोणी फारसा वाचला नाही. माझे मन मात्र दुसऱ्याच एका नावावर रेंगाळले: आबे ब्युए. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत देश सोडून इंग्लंडला आलेला एक धर्मगुरू. त्याने १८०६ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले की वजा एकाचे मूळ हे लंबदिशेचे चिन्ह आहे. एका निर्वासित धर्मगुरूला जे दोनशे वर्षांपूर्वी दिसले त्याच्या नेमके उलट सांगायला मी वेदीवर उभा राहिलो होतो.

नाताळनंतर मुलगी पुन्हा आली. आता तिची शंका बदलली होती, आणि ती पहिलीहून चांगली होती. "फादर, चित्र कळले. पण कुंपणाच्या गणितात ते बाजूचे उत्तर घेऊन करायचे काय? वाफा तर होतच नाही."

मी म्हणालो, "नाहीच होत. तिथे 'मुळे वास्तव नाहीत' हेच पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. दहावीत तू लिहिलेस ते खोटे नव्हते." सात मेंढरे तीन भावांत वाटताना अपूर्णांक कामाला येत नाही, सात गोणी भात वाटताना येतो. संख्या तीच. बाजूची दिशा जिथे खरोखरच आहे अशी वस्तू मात्र तिला दाखवायला हवी होती, आणि काकांना विचारल्याशिवाय मला ती सापडणार नव्हती.

"तुमची धूपदाणी आणा," काका म्हणाले. मला वाटले थट्टा करताहेत.

पण मी ती खरेच नेली. साखळी धरून त्यांनी तिला एक झोका दिला आणि सोडून दिली. धूपदाणी मागे-पुढे झुलत झुलत हळूहळू शांत झाली. अशा झुलण्याचे गणित मांडले की शेवटी एक वर्गसमीकरणच हाती येते, हे त्यांनी सांगितले. उदाहरणादाखल क्ष² + २क्ष + ५ = ० असे समजा. मधला आकडा हवेच्या विरोधाचा, शेवटचा तिला खाली खेचणाऱ्या ओढीचा. विवेचक वजा सोळा, मुळे −१ + २√−१ आणि −१ − २√−१. "आता हे उत्तर वाच," ते मुलीला म्हणाले. "रस्त्यावरचा वजा एक म्हणजे झोका किती झपाट्याने विझतो ते. बाजूचा दोन म्हणजे किती चपळाईने झुलतो ते. हीच धूपदाणी मधाच्या पिंपात सोडली असे समज. विरोध वाढला, मधे दोनाच्या जागी सहा लिही." तिने लिहिले. विवेचक सोळा, मुळे −१ आणि −५. दोन्ही रस्त्यावर. "आता काय होईल?"

मुलगी बराच वेळ समीकरणाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "झुलणारच नाही. नुसती हळूहळू मध्ये येऊन थांबेल."

विवेचक ऋण म्हणजे उत्तर नाही, हे मी चाळीस वर्षे धरून चाललो होतो. इथे विवेचक ऋण म्हणजे धूपदाणी झुलते! माझ्या हाताने आजवर ती किती वेळा झुलली असेल.

काकांचे स्वतःचे क्षेत्र विजेचे. तिथे त्यांनी आम्हांला फार वेळ नेले नाही, जाता जाता एवढेच सांगितले की घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होते, आणि तारेच्या वेटोळ्यातून जाताना प्रवाह दाबाच्या पावलाशी पाऊल न मिळवता मागे रेंगाळतो. म्हणून तीन ओहमचा रोध आणि वेटोळ्याचा चार ओहमचा अडथळा यांची बेरीज सात होत नाही, पाच होते. एक रस्त्यावर, दुसरा काटकोनात. "तुमच्या सेक्रिस्टीतला पंखा पाहा," ते मला म्हणाले. "त्याला सुरू व्हायला दोन वेटोळी लागतात आणि त्यांच्या प्रवाहांत बाजूचा फरक पडावा लागतो. तो फरक पाडतो कंडेन्सर. तो गेला की पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. काठीने ढकलावा लागतो." सेक्रिस्टीतला पंखा काठीने ढकलावा लागतो हे त्यांना कसे कळले, हे मी विचारले नाही.

मुलगी अकरावी उत्तीर्ण झाली. गुण मध्यमच पडले, पण घरातले ते बोलणे थांबले. २६ मे २०२४ रोजी पुन्हा त्रैक्याचा रविवार आला. या खेपेस मी उपमेच्या वाटेला गेलो नाही. मिस्साच्या शेवटी सूचना वाचून झाल्यावर मी सांगितले की गेल्या वर्षी याच दिवशी मी या जागेवरून वजा एकाच्या वर्गमूळाविषयी जे बोललो ते चूक होते. ती संख्या अस्तित्वात नाही असे नाही, आणि ती समजायला विश्वास नव्हे, थोडा सराव लागतो. परमेश्वराचे त्रैक्य हे रहस्यच आहे आणि रहस्यच राहणार आहे. त्याच्या मदतीसाठी मी एका निष्पाप संख्येला वेठीला धरले होते.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. बहुतेकांना गेल्या वर्षीचे प्रवचन आठवतही नव्हते, आणि ही शिक्षा मला पुरेशी होती. बाहेर ओसरीत एका बाईंनी काळजीने विचारले, "फादर, बिशपस्वामींकडून काही पत्रबित्र आले की काय?"

काका त्यांच्या मागे, काठीवर भार देऊन उभे होते. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला, क्षणभर आत कान दिला, आणि म्हणाले,

"फादर, तो कंडेन्सर अजून बदलला नाहीत वाटते?"